खिशातली कुलपं

९ फेब्रुवारी

ढब्यास,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. ओळखूनही फाडलं नसशील तर पुढं वाच. पत्ता आत्याने दिला. तीन वेळा नाही म्हणाली, चौथ्यांदा म्हणाली, "घे बाबा, पण मी दिला म्हणून सांगू नकोस." तेव्हा आत्याने दिला नाही असं समज.

मागचं उकरायला लिहीत नाही. अकरा वर्षं झाली, तू तुझ्या जागी, मी माझ्या. मी अजून लिफ्टच दुरुस्त करतो, त्याच कंपनीत. घरी सगळं ठीक. तुझी वहिनी बरी आहे, तिला हे पत्र माहीत नाही.

काम छोटं आहे. आमच्याकडे एक माणूस आहे, माझ्याच वयाचा. पाठीचं जुनं दुखणं. गोळ्या खाऊन खाऊन पोटाची वाट लागली, म्हणून डॉक्टरांनी त्याला गांजाचं औषध सुचवलंय. ओढायचं नाही. तेल असतं, जिभेखाली थेंब टाकायचे. चोरीचा मामला नाही, चिठ्ठीवर मिळतं, बाटलीवर आपलं नाव छापून येतं. पण माणूस घाबरलाय. त्याने सगळी हयात या वस्तूला शिव्या दिल्या आणि आता तीच घरात आणायची. त्याला विचारायचंय की डोक्यात जातं का? किती तासांनी उतरतं? आणि मुख्य म्हणजे, माणूस विसरतो का?

हे डॉक्टरांना का नाही विचारलं म्हणशील. डॉक्टरांनी पुस्तकात वाचलंय. तू घेतलेलं आहेस. टोमणा नाही मारत, या विषयातलं माझ्या ओळखीत दुसरं कोणी नाही.

उत्तर दिलंस तर कामाच्या पत्त्यावर दे.

थोरला


२७ फेब्रुवारी

ढब्या,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी दोन ओळी! "त्या माणसाला सांग, कमी घे, झोपताना घे, सकाळी अजिबात घेऊ नको. पाठ कशी आहे?"

तुला काय कळायचं राहतंय म्हणा. लहानपणी मी बरणीतली साखर खाल्ली की तू फक्त माझ्याकडे बघायचास आणि मी आपणहून कबूल व्हायचो. तो माणूस मीच. झालं समाधान?

पाठ विचारलीस म्हणून सांगतो. कमरेपासून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत तार ओढल्यासारखी कळ जाते. ठरलेली वेळ नाही. चहाचा कप उचलला तरी जाते, शिंक आली तरी जाते. मोजे वहिनी घालते. पंचावन्नाव्या वर्षी बायकोने मोजे घालून द्यायचे, मी छताकडे बघायचं आणि दोघांनी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. आधीच्या गोळ्यांनी आतडी जाळली. ऑपरेशनला मोठा डॉक्टर नको म्हणाला, एवढ्या वर्षांनी उघडलं तर पाय जाईल म्हणे. मग या नव्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाई लहान चणीच्या, पण बोलणं रोखठोक. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला दुखण्याची जास्त भीती वाटते की औषधाची?" मी म्हटलं, औषधाची. तर हसल्या.

तू हसू नकोस. आई असती तर मला हे घेताना बघून काय म्हणाली असती? तुझ्या खोलीत गांजाची पुडी सापडली तेव्हा मीच आईला घेऊन आलो होतो दाखवायला. करावं तसं भरावं म्हणतात ते हेच.

बाटली आणलीय. अजून उघडली नाही. हत्यारांच्या कपाटात जो जुना पत्र्याचा डबा आहे त्यात ठेवलीय, तिथे वहिनीचा हात जात नाही. दिवसातून दोनदा जाऊन बघतो, बाटली जागेवर आहे ना. कुठं पळून जाणार आहे?

थोरला


१८ मार्च

ढब्या,

घेतली. दोन थेंब. कडू, गवतासारखी चव, आणि नंतर तोंड असं कोरडं की जीभ टाळूला चिकटली. पहिल्या दिवशी पलंगाची कड धरून बसलो. वाटलं, आता भिंती हलतील, आता मी वेड्यासारखा हसायला लागेन. काही नाही. पाऊण तासाने कळ तिथंच होती, पण शेजाऱ्याच्या घरात भांडण चालावं तशी. ऐकू येतंय, पण आपल्याला उठायची गरज नाही.

आणि झोपलो रे. सकाळी सातला वहिनी छातीवर हात ठेवून बघत होती, श्वास चालू आहे का! मोजे माझे मी घातले. एकच घालून झाला आणि मला रडू आलं, हे तुला सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

आता पाच थेंबांवर आलोय. डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्यात. दिवसा घ्यायचं नाही. आणि यंत्रावर काम असेल तर कंपनीला कळवायचं, थोडे दिवस यंत्रापासून लांब राहायचं, मग तपासून परत जायचं. त्यांनी विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, "टेबलावर बसून असतो." कसं तोंडातून निघालं माहीत नाही. त्यांनी लिहूनही घेतलं. आता तो कागद त्यांच्या फायलीत आहे, मी टेबलावर बसतो म्हणून.

काय करू? कंपनीला सांगितलं तर लिफ्टवरून काढतील. काढलं की परत घेत नाहीत, निमित्त हवंच असतं त्यांना, माझ्या वयाच्या माणसाला तर आधी. चौतीस वर्षं दुसरं काही केलं नाही मी. खुर्चीवर बसवून फोन उचलायला लावतील आणि पोरंटोरं जाता येता म्हणतील, काका, बटण दाबू का?

तू असं समजू नकोस की मी तुझ्यासारखा झालो. तू शौक म्हणून घ्यायचास, मी दुखण्यासाठी घेतो. आणि मी कामावर कधी विसरलेलो नाही. कुलूप विसरलास तू, पाठ मोडली माझी. ते मी आता काढत नाही, लिहिण्याच्या ओघात आलं.

थोरला


६ एप्रिल

ढब्या,

दुसऱ्या कार्डावर एकच ओळ लिहिलीस, "जोडीदाराला सांगितलंस का?" मागच्या पत्रातल्या "कुलूप विसरलास तू"वर चकार शब्द नाही. मी तुझं कार्ड उलटून पाहिलं, मागे काही आहे का.

नाही सांगितलं. जोडीदार आता पहिलवान आहे. तुझ्या वेळी तो गोदामात होता, तोच तो, हडकुळा. वारा सुटला की उडू नये म्हणून खिशात लोखंडी पाने ठेवतो असं सगळे चिडवायचे. सहा वर्षं आम्ही जोडीने आहोत. मला वजन उचलू देत नाही. "तुमची पाठ, माझे गुडघे, दोघं मिळून एक धड माणूस," म्हणतो. अशा माणसाला काय सांगू? तुझा जीव ज्याच्या हातात आहे तो रोज थेंब घेतो, हे?

कंपनीत नवा साहेब आलाय. शाळेसारखं बाकावर बसवून आम्हाला शिकवतो. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं असलं की आधी वरच्या खोलीत जाऊन मोठा स्विच खाली ओढायचा. दांड्याच्या भोकात प्रत्येकाने आपलं कुलूप अडकवायचं, म्हणजे आत माणूस असताना भलतं कोणी चालू करू शकणार नाही. आपलं कुलूप आपल्या हाताने, किल्ली आपल्या गळ्यात, दुसऱ्याचं कुलूप दुसऱ्याने लावायचं नाही. पाठ करून घेतलं आमच्याकडून! पहिलवान माझ्या कानात म्हणाला, "साहेबाला एकदा अकरा मजले चढायला लावा." खरंच आहे. लिफ्ट बंद केली की आम्हाला जिनाच. लिफ्टवाल्याइतके जिने जगात कोणी चढत नसेल. म्हणून जो वर जाईल तो दोघांची कुलपं नेतो, हे आपल्या वेळेपासून चालत आलंय. पहिलवानाचे गुडघे गेलेत, म्हणून वर मी जातो. माझं लाल, त्याचं पिवळं.

त्याच दिवशी साहेबाने एक फॉर्म दिला. झोप येईल, चक्कर येईल, विसर पडेल असं औषध घेता का? हो, नाही. मी "नाही"वर खूण केली. बाजूलाच पहिलवान बसला होता, त्याने माझ्याकडूनच पेन मागून घेतलं.

आणि आता खरं ते सांगतो, नाहीतर या पत्राला अर्थ नाही. गेल्या आठवड्यापासून सकाळीही घेतो. दोनच थेंब. थंडी गेली तरी जिना चढताना कळ डोळ्यांपर्यंत येते. दोन थेंबांनी काही होत नाही. तू म्हणशील, सगळे असंच म्हणतात.

मला भीती वाटते, ढब्या. पूर्वी दुखण्याची वाटायची, ती निदान ओळखीची होती.

दादा


२३ एप्रिल

ढब्या,

आजचं आजच लिहितो, उद्या मी शब्द बदलेन.

एका दवाखान्याची लिफ्ट होती, नऊ मजली, जुनी. तळाच्या खड्ड्यातलं लाल बटण बिघडलं होतं. ते दाबलं की लिफ्ट जागच्या जागी थांबते, आत उतरणाऱ्याचा तोच शेवटचा आधार. तेच बदलायचं होतं, म्हणजे आज तो आधारही नव्हता. पहिलवानाने नेहमीसारखं पिवळं कुलूप माझ्या हातावर ठेवलं. "वर जाताय तर माझंही घेऊन जा." मी नऊ मजले चढलो. सकाळी तीन थेंब घेतले होते. दोन नाही, तीन.

वरच्या खोलीत गेलो. स्विच खाली ओढला. इथवर मला लख्ख आठवतं. दांड्याचा खट् आवाजसुद्धा आठवतो. मग पाठीत कळ आली म्हणून मी उलट्या डब्यावर टेकलो, खिडकीतून समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालत होती ते बघितलं. मग खाली आलो. पहिलवानाला म्हटलं, "उतर."

तो उतरला. पन्नास मिनिटं आत होता. मी दारात उभा राहून त्याला हत्यारं देत होतो. त्याच्या डोक्यावर सहा मजले वर अख्खी लिफ्ट. मध्ये त्याने मेव्हण्याचा एक किस्सा सांगितला, दोघं हसलो.

जेवायला बसलो तेव्हा घाम पुसायला रुमाल काढला, तर रुमालाबरोबर हाताला गार लागलं. लाल आणि पिवळं. दोन्ही. माझ्या खिशात.

पहिलवान समोर बसून डबा खात होता. म्हणाला, "काय झालं? भूत बघितल्यासारखं तोंड करून बसलात." मी म्हटलं, पाठ. लगेच उठून त्याने त्याची बसायची उशी माझ्या मागे सरकवली.

काही झालं नाही. कोणी स्विच वर केला नाही. कोणाला माहीत नाही. मी परत जिना चढलो, नऊच्या नऊ मजले, आणि पिवळं कुलूप खाली आणून त्याला दिलं, जणू आत्ता काढून आणतोय. तो म्हणाला, "दमलात हो, बसा जरा." मी खरंच बसलो.

थेंबांमुळे झालं. उद्यापासून बंद. बाटली ओतून टाकतो, कानाला खडा. दुखू दे काय दुखायचं ते.

दादा


२६ एप्रिल

ढब्या,

तीन दिवस थेंब बंद आहेत. हे पत्र पालथं पडून लिहितोय, अक्षर लागत नसेल तर सोडून दे. पण नको, सोडू नकोस. आजचं सोडू नकोस.

बाटली ओतायचा धीर झाला नव्हता. काल दुपारी कळ इतकी चढली की मी ओरडलो, "कपाटातला पत्र्याचा डबा आण." वहिनीने डबा आणला आणि माझ्यासमोर उघडला. मला वाटलं बाटली बघून आकांत करेल. तिने नाव वाचलं, डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, म्हणाली, "डॉक्टरांनी दिलंय ना? मग चोरासारखं लपवता कशाला? दोन महिने मला वाटतंय तुम्हाला कोणीतरी बाई भेटलीय, हल्ली झोपेत हसता." आणि हसली. मीही हसणार होतो.

मग तिने डब्यात परत हात घातला. तळाशी फडक्यात गुंडाळलेलं होतं ते काढलं. उलगडलं. हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

"हे भाऊजींचं ना?" म्हणाली. "निळं कुलूप त्यांचंच होतं."

मी उशीत तोंड घातलं.

"हरवलं होतं ना हे? नशेत कुठंतरी टाकलं म्हणून चौकशीत सांगितलं होतं ना तुम्ही?"

ढब्या, तिला अजून सांगितलेलं नाही. तुला लिहितो. तुला आधी सांगायला हवं.

त्या अपघाताच्या दिवशी मी वर गेलो होतो. तुझे तर गुडघेही धड होते, पण मी म्हटलं, दे इकडे, मी जातोच आहे. थोरलेपणाचा रुबाब. तू निळं कुलूप माझ्या हातावर ठेवलंस. मी वर गेलो, स्विच ओढला, आणि तिथल्या मोटारीचा पट्टा सैल दिसला म्हणून तो बघत बसलो. मग खाली आलो आणि खड्ड्यात उतरलो. दोन्ही कुलपं माझ्या खिशात. इमारतीच्या रखवालदाराला लिफ्ट बंद दिसली, दांड्याला कुलूप नाही, त्याने चालू केली. त्याचा काय दोष?

लिफ्ट येताना मला कळलंच नाही, मी वाकलेलो होतो. तू ओरडलास आणि कॉलर धरून मला ओढलंस. खड्ड्याच्या काठावर पाठ आपटली, मणका गेला. तू ओढलं नसतंस तर मी सगळाच गेलो असतो. ज्याने ओढलं त्याला मी देशोधडीला लावलं.

दवाखान्यात चादरीखाली खिशात हात घातला तेव्हा दोन्ही हाताला लागली. लाल तर माझंच, ते नंतर हत्यारांच्या पिशवीत टाकून देता आलं. निळ्याचं काय करू? मुठीत एवढं आवळलं की टक्क वाजून बंद झालं. मग तेव्हाचे साहेब आले, विचारलं कुलपं कुणी लावायची होती. मी म्हटलं, "त्याने." तू दारात उभा होतास. म्हणालास, "दादा, मी तुझ्याकडे दिलं होतं की." मी भिंतीकडे बघून म्हटलं, "मला नाही दिलंस." मग तुझी लघवी तपासली, दोन दिवसांपूर्वी सुट्टीत ओढलेलं त्यात निघालं, आणि माझं काम सोपं झालं. पुढं कोणी काही विचारलंच नाही.

हे सगळं मला रोज माहीत होतं. मी विसरलो नव्हतो. लोकांसमोर तुझी लाज काढताना तर मला जास्तच स्पष्ट आठवायचं.

आणि परवा मी थेंबांना दोष दिला. खुशाल दिला. सकाळचे तीन थेंब मी घ्यायला नको होते, ते माझं चुकलंच. पण अकरा वर्षांपूर्वी कुठं होते थेंब? तेव्हा तर मी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नव्हतो. तेव्हाही खिशात दोन कुलपं, आत्ताही खिशात दोन कुलपं. औषध नवीन आहे रे, माणूस तोच आहे. मी वर जातो, माझं लक्ष दुसरीकडे जातं, मी खाली येतो आणि माणसाला सांगतो, उतर.

याची मला भीती वाटते. थेंब ओतून टाकता येतील.

उद्या सोमवार आहे. पहिलवान माझ्या हातावर पिवळं कुलूप ठेवणार.

दादा


२ मे

ढब्या,

सोमवारी तळमजल्यावर पहिलवानाने कुलूप पुढं केलं. मी हात मागे घेतला. तो म्हणाला, "काय, आज मला चढवता का?" मी तिथंच सांगितलं. थेंब, फॉर्म, दवाखान्याची लिफ्ट, पन्नास मिनिटं. एका दमात. त्याच्याकडे न बघता.

तो जिन्याच्या पायरीवर बसला. कुलूप दोन्ही हातांत धरून त्याच्याकडेच बघत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला चेष्टा सुचली नाही. मग हळूच म्हणाला, "माझा मेव्हण्याचा किस्सा चालू होता तेव्हासुद्धा?" मी म्हटलं, तेव्हासुद्धा. तो उठला आणि गुडघ्यांवर हात टेकत टेकत जिना चढायला लागला. मी म्हटलं, "अरे, काम नाही करायचं आज, मी साहेबाकडे चाललोय." तो थांबला नाही. त्याला वरपर्यंत जायचंच होतं. मी खाली उभा राहून त्याची पावलं ऐकत होतो. एकेक मजला मोजत होतो.

साहेबाला फॉर्मचं सांगितलं आणि अकरा वर्षांपूर्वीचंही. तो माझ्याकडे खुळ्यासारखा बघत होता, त्याने तुझं नावही ऐकलेलं नाही. जुनी फाईल मागवली. त्यात तुझ्या नावापुढं लाल शाईने लिहिलंय ते मी पहिल्यांदा वाचलं. नशेत असल्याने जोडीदाराच्या जिवाला धोका. त्याच्याखाली माझा जबाब, माझी सही, झोकदार. मी त्याखाली नवा जबाब लिहून दिला. त्याची नक्कल सोबत जोडलीय. तुझी नोकरी त्याने परत येत नाही, मला कळतं. पण आता तो कागद खोटं बोलत नाही.

माझं लाल कुलूप आणि किल्ली काढून घेतली. चौकशी लागलीय. काढतील की फोनवर बसवतील हे पंधरा दिवसांत कळेल. डॉक्टरीणबाईंनाही खरं सांगितलं. त्यांनी आधी झापलं, मग चिठ्ठी बदलून दिली. फक्त झोपताना, चार थेंब, यंत्राजवळ जायचं नाही. म्हणाल्या, "औषध मी देऊ शकते. खरं तुम्ही सांगायचं असतं." वहिनी माझ्याशी बोलत नाही. मोजे घालायला येते, घालते, जाते. हवापाण्याचंही बोलत नाही. आज जाताना दारातून म्हणाली, "भाऊजींना पार्सल कधी टाकताय?"

म्हणून हे पार्सल. फडक्यात तुझं निळं कुलूप आहे. मी दवाखान्यात मुठीत बंद केलं तसंच आहे, कारण किल्ली एकच असते आणि ती तुझ्या गळ्यात होती. मी कधी तोडायचा प्रयत्न केला नाही. गंजू नये म्हणून दर वर्षी तेल मात्र घालत आलो, का ते मला विचारू नकोस. किल्ली फेकून दिली असशील तर फेकलीस, तुझ्या जागी मीही फेकली असती.

मला अजून भीती वाटते. नोकरीची वाटते, पुढच्या थंडीची वाटते, पहिलवान आता माझ्याकडे बघतो त्याची वाटते. तुझ्या उत्तराची सगळ्यांत जास्त वाटते. पण एक गोष्ट उत्तराची वाट न बघता सांगायची आहे, ती अकरा वर्षं उशिरा का होईना.

तू घर सोडलंस त्या दिवशी पिशवी खांद्याला लावून माझ्या पलंगापाशी आलास. मला वाटलं शिव्या देशील, मारशील. मी तयार होतो. तू नुसता उभा राहिलास. तुझा तुझ्यावरचाच विश्वास उडाला होता, ते तुझ्या तोंडावर दिसत होतं. आणि तू विचारलंस, "दादा, मी खरंच तुला कुलूप दिलं नव्हतं का रे?" मी म्हटलं, नव्हतं.

दिलं होतंस, ढब्या. माझ्या हातात दिलं होतंस.

दादा